कॅटफिशचा काटा

माशांची टाकी धुताना निमिषने ताईचा इवलासा कॅटफिश जाळीने उचलला आणि तो जाळीतच अडकला. कल्ल्यामागचा काटा ताठ झाला होता. ओढल्यावर तो आणखीच रुतला. घाबरून निमिषने ताईला सासरी फोन लावला.

“ओढलास? गाढवा, काटा तुटेल त्याचा! पाण्यात धर आणि कात्रीने जाळी काप.”

निमिषने मासा पाण्यात धरून जाळी कापायला घेतली. कात्रीचं टोक माशाच्या डोळ्यापाशी होतं. एकेक धागा तुटला, मासा सुटला आणि तळाशी आडवा पडला.

“जिवंत आहे ना रे?” स्पीकरवर ताई विचारत होती. निमिष काचेला नाक लावून बघत होता.

तेवढ्यात मासा उसळून वर आला, हवेचा घोट घेऊन खाली गेला आणि मिशांनी वाळू चाचपू लागला.

“खायला शोधतोय,” निमिष म्हणाला. पलीकडून ताईचं नुसतं रडणं ऐकू आलं.