'टोपली'चा चौथा भाग

"कुलदीपले चोर म्हणून राह्यले लोकं," दिव्यानीनं मोबाइल बापाच्या नाकासमोर धरला. "हे पाहा. 'पैसे घेऊन पसार.' अन् हे. 'कंपनीत नोकरी धरली, गेम गेला खड्ड्यात.'"

मुखरूनं चष्मा न लावताच मान हलवली. एसटी गडचांदूरजवळ आली होती. रस्त्याकडेची झाडं सिमेंटच्या धुळीनं पांढरी पडली होती.

"लोकाइले काय, लिहितेत."

"लोकाइनं दीड वर्ष वाट पाह्यली, बाबा. मी पण."

धानोऱ्याच्या कुलदीपनं 'टोपली' हा गेम एकट्यानं बनवायला घेतला होता. अर्धा झाला तेव्हाच त्यानं तो इंटरनेटवर विकायला ठेवला. आधी पैसे द्या, उरलेले भाग तयार होतील तसे मिळतील. असे गेम पुष्कळदा अर्ध्यावरच राहतात, हे दिव्यानीला दवाखान्यातल्या करिष्मानं सांगितलं होतं. दोघी चंद्रपूरला नर्स होत्या. "भात शिजायच्या आधी ताटाचे पैसे कोन देते वं?" असं म्हणून ती हसलीही होती.

दिव्यानीनं तरी पहिल्याच दिवशी पैसे भरले. त्या गेममध्ये मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी बसलेली असते. आपण पहाटे फुलं वेचून तिच्याकडे न्यायची आणि ती बोलते. तो आवाज रुखमाबाईचा होता, दिव्यानीच्या आईचा.

झाडसुद्धा त्यांचंच होतं. धानोऱ्याकडे रानातलं मोहाचं झाडही कुणाचं तरी असतं, आणि त्याला विचारल्याशिवाय दुसरा कुणी त्याच्याखाली वाकत नाही. म्हणून कुलदीप आधी मुखरूकडे आला होता.

"मोबाइलातल्या झाडालेही विचारा लागते काय बे?" मुखरू हसला होता.

"झाड तुमचं हाय, भाऊ. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी नाई करत."

तीन दिवस घरात रेकॉर्डिंग चाललं. आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गोधड्या बांधल्या होत्या. तरी एका वाक्यात कोंबडी ओरडली, आणि कुलदीपनं ते तसंच ठेवलं. रुखमाबाई आधी लाजली. मग तिनं कागद बाजूला सारला आणि मनानंच बोलत सुटली. "अगा, वाकून वेच. झाड काय तुले हातात आणून देते?"

तिसरा भाग आला आणि त्याच महिन्यात रुखमाबाई गेली. चौथा, शेवटचा भाग आलाच नाही.

दिव्यानी ड्यूटीवरून आली की चहा ठेवायची आणि 'टोपली' उघडायची. आईची सगळी वाक्यं तिला पाठ झाली होती. पुढचं वाक्य कोणतं, कुठे दम लागतो, कुठे हसते, सगळं. बाप दर महिन्याला मार्कंड्याच्या देवळात जायचा. त्याला देव तरी होता. तिला एवढंच होतं. आईचे तिनं कधीच न ऐकलेले शब्द कुलदीपच्या कॉम्प्युटरमध्ये पडून होते, आणि तो फोन उचलत नव्हता.

गडचांदूरला उतरल्यावर मुखरू पुढे झाला. बाजारातून डावीकडे, मग पिठाच्या गिरणीमागे. कुणाला पत्ता विचारावा लागला नाही.

कुलदीप खोलीच्या दारात बूट घालत होता. खाणीच्या वजनकाट्यावर ट्रक मोजायचं काम त्यानं धरलं होतं. दोघांना पाहून तो तसाच उभा राहिला, एक बूट हातात.

"या ताई. या भाऊ. चाय ठेवतो."

"चाय नाई पाहिजे," दिव्यानी म्हणाली. "फोन काऊन नाई उचलत?"

तो मुखरूकडे पाहू लागला.

"बाबाकडे काय पाह्यतं? मी बोलून राह्यली न!"

"ताई, कामाचा लोड..."

"मले पैसे परत नाई पाहिजे. गेम पण नको पुरा करू. मायचा आवाज दे फक्त. कच्चा असन तर कच्चा दे."

कुलदीपनं बूट खाली ठेवला. कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर जुना टॉवेल टाकलेला. त्याच्याकडे कुणीच पाहत नव्हतं.

"दिव्या, चाल," मुखरू म्हणाला. "पोराले ड्यूटीले उशीर होते."

"होऊ द्या! माय तीन दिवस घसा सुकेपर्यंत बोलली याच्यासाठी. एक रुपया नाई घेतला." तिचा आवाज फाटला. "मी पण लिहितो आता, बाबा. साऱ्याइच्या खाली. चोर हाय म्हणून. मायच्या आवाजाचा चोर."

तिनं मोबाइल काढला. ती लिहू लागली.

"कुलदीप," मुखरू हळूच म्हणाला.

"नाई भाऊ, आता नाई होत मले." कुलदीपचे डोळे भरून आले होते. "ताई, चौथा भाग मागच्या पोळ्यालेच तयार झाला. त्यात म्हातारी झाडाखालून उठते अन् घरी जाते. भाऊ दर महिन्याले इथी येऊन बसतेत, अन् हात जोडून म्हणतेत, अजून एक महिना तिले बसू दे."