काळी जिथं बसते

काळीनं तारेचा फास हुंगला, कान टवकारले, आणि वनरक्षक ताईनं आपल्या कुत्रीचा पट्टा घट्ट धरला.

फासातली कस्तुरीमृगाची मादी नदीकाठच्या वाळूवर अजून कोमट होती. अभयारण्याची ही दरी अरुंद. वर कड्यावर सरहद्दीचा पहारा, खाली फेसाळती नदी. फास लावणारा दरीतलाच. म्हणून वनखात्याच्या साहेबांनी गवत कापायला आलेल्यांना रांगेत उभं केलं होतं. रांगेच्या टोकाला ताईचा धाकटा भाऊ. मागं एकदा ससा मारताना सापडलेला. आता सापडला तर थेट तुरुंग.

"ताई, असं बघू नकोस ना. मी नाही गं."

"गप उभा राहा."

वारा झोंबत होता. ताईनं हात जाकिटात ओढून घेतले. जाकीट नवऱ्याचं, बाह्या बोटं झाकणाऱ्या. सकाळी त्यानंच खांद्यावर टाकलं होतं. "नदीवर गारठशील. माझं घाल."

"सोड तिला," साहेब म्हणाले.

काळी निघाली. ती ओळखदेख जाणत नाही, दयामाया जाणत नाही. फासाला ज्याचा वास, त्याच्यापुढं बसते. ताईनंच तिला पिल्लू असल्यापासून तसं शिकवलेलं. बसू नकोस गं बाई, तिथं बसू नकोस, ताई मनात घोकत राहिली. काळीनं भावाचे हात हुंगले. त्याचे ओठ पांढरे पडले. काळी रेंगाळली. मग वळली, तडक मागं आली आणि ताईच्याच पुढ्यात बसली.

रांगेत खसखस पिकली. साहेबही हसले. "घ्या! चोर घरातच! लाडावून ठेवलीस हिला, दुसरं काय?"

भावानं सुस्कारा सोडला. ताईलाही हसू फुटलं. काळी मात्र हलेना. जाकिटाच्या बाहीला नाक लावून बसली होती, शिकवल्याप्रमाणे, ताठ.

ताईचं हसू ओठांवरच थिजलं. फासाला तर ताई स्वतः अजून शिवलीही नव्हती.

"चला, सुटलात. जा घरी," साहेब रांगेला म्हणाले.

"थांबा, साहेब."

तिला बटणं सापडेनात. एकेक करून निघाली. तिनं जाकीट वाळूवर ठेवलं, नीट घडी घालून, आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात लांब जाऊन उभी राहिली.

"काळी, ये," तिनं हाक मारली. "ये ना गं."

काळी जाकिटापासून हलली नाही.