नखाएवढी चिप

वृंदाने नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या ऑफिसातून एक चुकीची आज्ञा टाइप केली आणि सातपुड्यातल्या दवाखान्याचं इंटरनेट तुटलं. तिथे छातीत कळ येऊन एक मास्तर आडवे पडले होते. त्यांच्या हृदयाचा आलेख इथल्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिने लँडलाइन फिरवली.

"सिस्टर, राउटरची पिन काढा, जरा थांबा आणि परत लावा."

"तो सगळंच विसरला तर, मॅडम?"

"माझी चूक अजून त्याच्या चालू मेमरीतच आहे. वीज गेली की ती पुसली जाईल. आधीचं सगळं नखाएवढ्या चिपमध्ये साठवलंय."

"बरंय त्याचं. आमचे हे झोपून उठले तरी भांडण विसरत नाहीत."

वृंदाला हसू आलं नाही. ती चिप अजून शाबूत आहे का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"दिवे गेले," सिस्टर म्हणाल्या. बऱ्याच वेळाने त्या पुन्हा बोलल्या, "एक लागला. हिरवा."

वृंदाच्या पडद्यावर ओळी उमटू लागल्या: दवाखान्याचं नाव, तपासणीची खोली, नाशिकपर्यंतची वाट. विजेशिवाय त्या चिपने सगळं धरून ठेवलं होतं. परीक्षेत तिने हेच उत्तर लिहिलं होतं. अंगावर काटा मात्र आज आला.

शेजारच्या पडद्यावर मास्तरांचा आलेख सरकू लागला.

"इंजेक्शन द्या," शेजारी बसलेले डॉक्टर वृंदाचा फोन घेऊन म्हणाले.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला, आणि सिस्टरची पावलं धावत दूर गेली.