दिलेला पत्ता

"ताई, एकदा लेकीला डोळे भरून बघू द्या," म्हणत म्हातारा रेशन कार्यालयाच्या खिडकीशी रडला. लेक जातीबाहेर लग्न करून निघून गेली होती. तिचा नवा पत्ता खिडकीमागे बसलेल्या निवेदिताच्या संगणकात होता. तो कुणालाही द्यायचा नाही हे ठाऊक असूनही तिने दिला.

त्याच आठवड्यात बापाने त्या पत्त्यावर जाऊन मुलीला कोयत्याने तोडलं.

पोलीस यायच्या आधी साहेबांनी निवेदिताला केबिनमध्ये बोलावलं. "पत्ता तुमच्या लॉगिनवरून उघडलाय. सिस्टिम तुम्हीच सांभाळता. नोंद पुसून टाका. मी काही पाहिलेलं नाही."

ती जागेवर येऊन बसली. नोंद पुसायला क्षणही लागला नसता. बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली.

पोलीस आले तेव्हा तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"पत्ता मीच दिला," ती म्हणाली.