चौदावा रकाना

पाळक शेखर वानखडे एकेक रकाना वाचत होते आणि मनकर्णाबाई उत्तरं देत होत्या. रविवारची उपासना उरकून पाळक थेट मनकर्णाबाईंच्या अकोल्यातल्या दोन खोल्यांच्या घरी आले होते. समोर त्यांच्या लेकीचा, वर्षालीचा, चार पानी अर्ज होता. अरुणाचलाच्या डोंगरात मिशनचा एक छोटा दवाखाना होता, तिथं तिला नर्स म्हणून जायचं होतं. घरच्यांना सगळा अर्ज वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची, असा संस्थेचा नियम.

"रक्तगट बी पॉझिटिव्ह. बरोबर?"

"हो."

"लहानपणी मोठं आजारपण?"

"कावीळ झाली होती. चौथीत असन."

रेशनकार्डावर नाव चढवताना माणूस बोलतो, तशा त्या बोलत होत्या. गेल्या बुधवारी वर्षालीनं जायचं सांगितलं, तेव्हा आता आपल्याला रडू येईल म्हणून त्यांनी जरा वेळ वाट पाहिली. आलं नाही. मग त्यांनी कणीक मळली, दोरीवरचे कपडे काढले. तेव्हापासून चार दिवस असेच गेले होते.

वर्षाली दाराशी स्टुलावर बसली होती. सत्तावीस वर्षांची एकुलती एक लेक, अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यातली नोकरी नुकतीच सोडून आलेली. ती आईकडे बघत नव्हती.

"सुटी तीन वर्षांतून एकदा, चाळीस दिवस," पाळकांनी वाचलं. "मान्य?"

"हो."

"घरी कोणी आजारी असेल, किंवा..." पाळक अडखळले. "किंवा काही झालं, तर निरोप पोचवायची व्यवस्था संस्था करेल."

"कशी?"

"खालच्या गावात फोन लागतो. तिथून माणूस वर जातो. दोन दिवस चालायचं आहे."

"अन् तिले इथं याले?"

पाळकांनी वर्षालीकडे पाहिलं. "पाच-सहा दिवस लागतीन, आई," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. अकोल्याच्या उन्हात मयत कोणी पाच-सहा दिवस ठेवत नाही. नवरा गेला तेव्हा संध्याकाळच्या आत त्याला माती दिली होती. त्याच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी सांगून ठेवली होती. तिथं आपल्याला लेकच ठेवेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"चाल्ते," त्या म्हणाल्या. "पुढचं वाचा."

पाळकांनी शेवटचं पान उलटलं. "हा चौदावा आपला नियमापुरता आहे. इथं सही करा, झालं."

"वाचा न जी."

"सेवेच्या ठिकाणी मृत्यू आल्यास पार्थिव घरी आणावं, की तिथंच दफन करावं."

कूलर घरघरत होता. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करायला किका मारत होतं.

"आंधीची सिस्टर कुठं हाय?" मनकर्णाबाईंनी विचारलं. दवाखान्यात आधी होती ती मूर्तिजापूरकडचीच मुलगी. मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. तिच्याच जागेवर वर्षाली चालली होती.

"तिथंच आहे," पाळक हळू आवाजात म्हणाले. "तिला खाली आणायला रस्ताच..."

"समजलं."

त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढला. सगळा निळ्या शाईत भरलेला होता. फक्त चौदाव्या रकान्यात पेन्सिल होती. वर्षालीचं बारीक अक्षर, एकच शब्द. तिथंच.

"हे पेन्सिलनं कावून लिवलं?"

"तुले पटत नसन त खोडून टाक," वर्षाली म्हणाली. "बाबाच्या बाजूले, असं लिही. मी काई म्हननार नाई."

इतकं फिकट लिहिलं होतं की बोटानंसुद्धा पुसलं गेलं असतं. मनकर्णाबाईंनी अंगठा त्या शब्दावर ठेवला आणि तसाच राहू दिला. पाळकांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. वर्षालीनं मान वर केली नाही.

मग त्यांनी अंगठा उचलला आणि पाळकांकडे पेन मागितलं. आधी त, मग वेलांटी. मग थ, त्याच्या डोक्यावर टिंब. मग च. पेन एकदाही पेन्सिलीच्या रेघेबाहेर गेलं नाही. खाली त्यांनी आपलं नाव लिहिलं. दुसऱ्या कोणाचा हात बघावा तसं त्या आपल्या हाताकडे बघत होत्या.

वर्षाली उठून आत गेली. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

पाळकांनी प्रार्थना केली. आपलं लेकरू प्रभूच्या वेदीवर ठेवणाऱ्या आईसाठी त्यांनी आभार मानले. मनकर्णाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आमेन त्या वेळेवर म्हणाल्या.

अर्ज पिशवीत घालताना पाळक थांबले. "मावशी, वीस वर्षं झाली मला सेवेत. असं अर्पण मी पाहिलं नाही. पुढच्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून साक्ष द्याल का तुम्ही?"

मनकर्णाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ते त्यांच्या हातात परत दिलं.

"मी काय साक्ष देऊ, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "देल्लं ते तिनं. मी नुसतं गिरवलं."