रंभेचा हट्ट

“आय म्हंते, मी नाय येत,” मालू म्हणाली.

काशीराम अंगणात गाठोडं धरून उभा होता. पनवेलहून मुंबईची एस.टी. सुटायची वेळ होत आली होती आणि त्याची बायको रंभा ओटीवर ठाण मांडून बसली होती.

“नाय येत म्हंजे? मंगळवारी पण ह्येच केलंस!”

रंभेने पदराआडून पुन्हा काहीतरी सांगितलं. परळच्या इस्पितळात तिचा अर्धा जबडा आणि जिभेचा तुकडा काढल्याला महिना उलटला होता. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द असे येतच नव्हते, नुसते ओले, घोगरे आवाज यायचे. ते एकट्या मालूला कळत. आई बोलायची, लेक सांगायची. लेक असावी तर अशी, असं अख्खं गाव म्हणे. आईला पेजेशिवाय काही गिळवत नाही म्हणून ही पोरगीही तिखट कालवणाला शिवत नव्हती. आईबरोबर अळणी पेज पिऊन उठायची.

काशीराम मिठागरावरचा गडी. उन्हाला भ्यायला नाही की मुकादमाला भ्यायला नाही. या महिन्यात मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, “गाठ कापली, पण तिचे बारीक तंतू मागे राहतात. ते विजेच्या शेकाने जाळायचे. जखम भरलीय, आता उशीर केलात तर दुखणं परत उठेल, आणि मग आमच्याही हातात काही उरणार नाही.” मंगळवारची पाळी हुकली होती. आजची हुकली तर पुढची कधी, कोण जाणे. यंत्र एक आणि रोगी ढीगभर.

“इचार तिला, भ्या कसलं वाटतंय?”

मालूने विचारलं. रंभा बराच वेळ बोलली. बोलताना तिने आपल्या उरलेल्या गालावर बोट ठेवलं, मग तेच बोट मालूच्या गालाला लावलं.

“म्हंते, माझं रूप तर गेलं. आता तुझं तरी जप,” मालूने सांगितलं आणि आईचा हात हळूच खाली केला.

काशीरामला जुने दिवस आठवले. रंभा नवरी होऊन आली तेव्हा बाया तिचं तोंड बघायला आल्या होत्या. पुढे मायलेकी पहाटे ओटीवर बसून मिश्रीने दात काळे करायच्या, तेव्हा तोच त्यांना हसायचा. तेव्हाच मिश्रीचा डबा खाडीत भिरकावला असता तर! त्याने तो भिरकावला, पण जबडा गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

“अगं, रूप घेऊन काय चुलीत घालायचंय? तू जगलीस म्हंजे झालं!” तो ओरडला. गाठोडं टाकून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “रंभा, मना एकट्याला टाकून जाऊ नको. पाया पडतो तुझ्या.”

रंभेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. मग मालूचं मनगट घट्ट पकडून तिला नवऱ्यापुढे ढकललं आणि मोठमोठ्याने काहीतरी म्हणाली.

“काय म्हंते?”

मालूने मनगट सोडवायला पाहिलं. “म्हंते, वैशाखात पोरीचं लगीन. तिला घरी एकटी टाकून मी जाणार नाय.”

“एवढंच ना? मग हीपण येईल आपल्यासंगं!”

रंभा ताडकन उठली. गाठोडं तिनेच उचललं.

काशीराम बघतच राहिला. एवढ्याशा गोष्टीसाठी महिनाभर जीव टांगणीला लावला होता बाईने!

मालूचा चेहरा मात्र उतरला. “बा, मी नाय येत. आज नेरे गावची मंडळी यायची हायेत. नवऱ्या मुलाची आय येनार. घराला कुलूप बघून काय म्हंतील?”

“काय म्हंतील ते म्हनू देत. तुझी आय मोठी का व्याही मोठे?”

मालूने दाराला कुलूप घातलं.

एस.टी. त्यांनी पळत पळत गाठली. वाटभर रंभेने मालूचं मनगट सोडलं नाही. समोरची म्हातारी हळहळली, “आजारी माणसाला लेकीचाच आधार, बाई.” मालू खिडकीबाहेर बघत होती. काशीराम मनातल्या मनात गावदेवीला नारळ बोलत होता. पोचल्यावर हिने पुन्हा पाय मागे घेतला तर!

इस्पितळात नाव पुकारलं. तिघं आत गेली. डॉक्टर पिकल्या केसांचे होते. जबडे काढलेल्या माणसांतच त्यांची उमर गेली होती. त्यांनी बॅटरी पेटवली, खुर्ची दाखवली. रंभा बसली नाही. उभ्यानेच बोलू लागली.

काशीरामने डोळे मिटून घेतले. झालं, हिचं पुन्हा सुरू झालं.

“आय म्हंते, यंत्राचं भ्या वाटतं, आज नको,” मालू घाईने म्हणाली. “आमी परत येऊ, डागदरसाहेब.”

डॉक्टरांनी मालूकडे पाहिलं. मग ते रंभेजवळ वाकले. “पुन्हा सांगा, बाई. सावकाश.”

रंभेने पुन्हा सांगितलं. एकेक आवाज जुळवत, लाळ पुसत, सगळं सांगितलं. डॉक्टर मान हलवत ऐकत होते. मालू दाराकडे सरकली, पण मनगट आईच्या मुठीत होतं.

डॉक्टर काशीरामकडे वळले.

“यांना भीती वगैरे काही वाटत नाही. त्या म्हणतात, मला सुरुवातीला आला होता तसलाच पांढरा डाग माझ्या पोरीच्या गालात आहे. आधी तिचं तोंड बघा, मगच मी शेक घेईन. घरी महिनाभर हेच सांगतेय म्हणतात.”