आतली शिवण

“यातली सगळ्यात कडक कोणती?” औषधांच्या दुकानात लाँड्रीवाल्या बाईंनी काउंटरच्या काचेवर बोट आपटलं.

काउंटरमागच्या मुलीनं तोंडावरचा मास्क नीट केला आणि आतून चेहऱ्याला लावायच्या लॅक्टिक ॲसिडच्या तीन बाटल्या काढून समोर मांडल्या. “कुणासाठी हवीय, काकू?”

“होणाऱ्या सुनेसाठी.”

ती होणारी सून रविवारी पहिल्यांदाच घरी यायची होती. शिकलेली आहे, नोकरी करते, स्वभावानं गोड आहे, असं पोरगा चार दिवस सांगत होता. बाईंच्या कानात त्यातलं काही शिरलं नव्हतं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा त्यांची नजर रंगावरच अडकली. नाकडोळे बघायचे राहूनच गेले. बाटली आणायचीच असेल तर याच दुकानातून आण, तिथली मुलगी नीट सांगते, असंही त्यानं बजावलं होतं. तेवढं मात्र बाईंनी ऐकलं.

“काळी आहे का?” मुलीनं सरळच विचारलं.

“सावळी म्हणू या. आमच्यात माणसं फार बोलतात गं. लग्नापर्यंत जरा उजळली म्हणजे झालं.”

“यानं कुणी उजळत नाही. वरची मेलेली त्वचा निघते, चेहरा मऊ होतो. रंग जिचा तिचाच राहतो.”

मास्कच्या वर दिसणारं तिचं स्वतःचं कपाळही काही दुधात धुतलेलं नव्हतं. “तू लावतेस?” बाईंनी खोचकपणे विचारलं.

“लावते की. पण गोरी व्हायला नाही.”

भारीच शहाणी दिसते, बाईंच्या मनात आलं. त्यांनी सगळ्यात जास्त टक्के लिहिलेली बाटली पुढे ओढली. “ही दे.”

मुलीनं ती उचलली आणि मागे वळून वरच्या फळीवर ठेवून दिली. “ही डॉक्टरांच्या हातानं लावायची असते. घरी लावायला मी देणार नाही.”

गल्ल्यावरचा मालक खाकरला. “अगं, मागतायत तर देऊन टाक ना.”

“तुम्ही द्या मग. आणि ती मुलगी भाजलेला चेहरा घेऊन आली की काउंटरवरही तुम्हीच उभे राहा.”

मालकाला एकदम हिशेबाची आठवण झाली. त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाईंना राग आला, आणि त्या रागातच ही पोरगी आवडूनही गेली. उभा जन्म त्याही गिऱ्हाइकांशी अशाच भांडत आल्या होत्या. “तुझ्या सासूचं काही खरं नाही,” त्या म्हणाल्या.

“बघू या,” मुलगी म्हणाली. मग काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवून तिनं विचारलं, “काकू, लाँड्रीत एखादा रेशमी कपडा येतो. शाईचा डाग पडलेला. काय करता?”

“डागाचं औषध लावते.”

“थेट डागावर?”

“खुळी की काय! आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकायचा. रंग टिकतो का बघायचं. मग डागाला हात लावायचा.”

“आणि सुनेच्या चेहऱ्याला?”

बाईंचा हात आपोआप कानाजवळ गेला. तिथं पावडरीखाली रुपयाएवढा एक डाग होता. त्यांच्या लग्नाआधी सासरच्या बायकांनी काहीतरी कडक आणून चोळलं होतं. जळतंय, म्हणून त्या ओरडल्या, तर जळतंय म्हणजे काम करतंय, असं सगळ्या म्हणाल्या. तेव्हापासून पावडर लावल्याशिवाय बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता.

मुलीनं डाग पाहिला होता. ती हळू आवाजात म्हणाली, “जळलं की लगेच धुवायचं असतं, काकू. सोसायचं नसतं.”

बाईंना गलबलून आलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी सगळ्यात सौम्य बाटली हातात घेतली. “ही मला चालेल?”

“डाग जाईल असं मी सांगणार नाही. तो डॉक्टरांनाच दाखवा. पण चेहरा मऊ होईल. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावा आणि एक दिवस वाट बघा. काही झालं नाही तर चेहऱ्यावर, रात्री, आठवड्यातून एकदाच. वरून साधं मॉइश्चरायझर. कापलंय, खरचटलंय तिथं नाही, आणि दुसऱ्या कडक क्रीमबरोबर तर मुळीच नाही. सकाळी सनस्क्रीन लावल्याशिवाय उन्हात जायचं नाही.”

“आतली शिवण,” बाई पुटपुटल्या. “आणि सुनेसाठी काय देतेस?”

“तिला काही नको.”

“बरोबर आहे. तिला काही नको.” बाईंनी बाटली पिशवीत टाकली आणि पदर खोचावा तसा आवाज चढवला. “कोण काय बोलायचं ते बोलू दे. बोलणाऱ्यांचे कपडे माझ्याकडेच येतात धुवायला. कुणाची कॉलर किती मळकी असते, मला ठाऊक आहे. माझ्या सुनेच्या रंगाबद्दल कुणी ब्र काढला तर एकेकाच्या कॉलरीचं जाहीर वाचन करीन.”

मालकसुद्धा हसला. बाई मोठ्या तोऱ्यात दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थबकल्या.

“पण काय गं,” त्यांनी वळून विचारलं, “माझी लाँड्री आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या मुलानं.” मुलीनं मास्क हनुवटीखाली ओढला. “रविवारी मी अशीच येणार आहे, आई. नुसता चेहरा धुऊन.”